आलेखाची निवड आणि त्यातील विधान : पालघर व बोईसर-तारापूर येथील आकड्यांच्या आधारे एक समीक्षा

१

व्यापारविषयक आकड्यांना आकृतीचे रूप देण्याची पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागली. विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली इंग्लंडच्या व्यापारावरील आपला आलेखसंग्रह प्रसिद्ध केला. त्यातील आकृती ताम्रपटावर कोरून छापलेल्या होत्या व त्यांपैकी जवळजवळ सर्व कालानुक्रमी रेषांच्या होत्या. अपवाद स्कॉटलंडच्या व्यापाराचा. तेथे प्लेफेअरजवळ एकाच वर्षाचे आकडे होते. काळाचा प्रवाह दाखविण्यास आधार नव्हता. म्हणून त्याने रेषा टाकून देऊन देशागणिक स्तंभ उभे केले. आज सर्वत्र दिसणाऱ्या स्तंभालेखाचा जन्म असा आकड्यांच्या उणिवेची प्रामाणिक कबुली देण्यातून झाला. याच लेखकाने पुढे १८०१ साली वृत्तालेख योजिला.

संगणकावरील स्प्रेडशीटचा इतिहास याच्या मानाने अगदी अलीकडचा. १९७९ साली व्हिसिकॅल्क आले. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये हिशेब व आलेख एकाच ठिकाणी नांदू लागले. १९८५ साली एक्सेल निघाले. आणि एक्सेलच्या २०१३ च्या आवृत्तीपासून तर कोणता आलेख काढावा याची शिफारसही यंत्रच करू लागले. या सोयीचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. लहान कारखान्याचा हिशेबनीस, सहकारी संस्थेचा चिटणीस किंवा पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी यांना पूर्वी जे साधन दुर्लभ होते, ते या सोयीने हाताशी आणून दिले. तथापि या सोयीमुळे कामाचा क्रम उलटला, हेही तितकेच खरे. प्लेफेअरला आकृती कोरण्यापूर्वी विचार करणे भाग होते, कारण ताम्रपट महाग होता. स्प्रेडशीटमध्ये आकृती प्रथम उमटते आणि तिचा विचार, झालाच तर, मागाहून होतो.

या उलटलेल्या क्रमाला आवर घालण्यासाठी पाठ्यपुस्तकांतून व कार्यालयीन शिबिरांतून एक सुटसुटीत सूत्र शिकविले जाते : तुलना करावयाची असेल तर स्तंभ, कल दाखवावयाचा असेल तर रेषा, भाग दाखवावयाचे असतील तर वृत्त, आणि दोन राशींचा संबंध तपासावयाचा असेल तर विखुरलेले बिंदू. सूत्र चुकीचे नाही. ते अपुरे आहे. आकडे कशासारखे दिसतात एवढेच ते विचारते, ते आकडे कोणत्या क्रियेला पात्र आहेत हे विचारीत नाही. आलेख हे एक विधान असते. वृत्तालेख म्हणतो, 'यांची बेरीज करता येते व ती पूर्ण आहे.' रेषा म्हणते, 'या दोन बिंदूंच्या मधल्या जागेतही काही अस्तित्वात होते.' स्तंभ म्हणतो, 'उंचीच्या प्रमाणातच राशी आहे.' ही विधाने कोणी शब्दांत लिहीत नाही; म्हणून ती तपासलीही जात नाहीत.

हे विवेचन केवळ तत्त्वाच्या पातळीवर राहू नये यासाठी एका मर्यादित प्रदेशातील आकडे घेणे इष्ट ठरेल. पालघर तालुक्यातील बोईसर-तारापूर हा पट्टा या दृष्टीने बोलका आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे रसायने, औषधे, कापड व पोलाद यांच्या कारखान्यांनी गजबजलेले क्षेत्र, देशातील पहिले अणुविद्युत केंद्र आणि मासेमारीवर जगणारी किनाऱ्यावरील गावे, हे सर्व येथे काही किलोमीटरच्या परिसरात आहे. त्यामुळे येथील आकड्यांची आकृती करताना झालेली चूक केवळ कागदावर राहत नाही.

२

प्रथम सूत्र जेथे बऱ्यापैकी चालते ते उदाहरण घ्यावे. बोईसर येथून पालघर जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत माल पोहोचविणाऱ्या एखाद्या वितरकाला आपली बाजारपेठ कशी विभागली आहे हे पाहावयाचे आहे. त्याच्यापुढे २०११ च्या जनगणनेचे आकडे आहेत : वसई १३,४३,४०२, पालघर ५,५०,१६६, डहाणू ४,०२,०९५, वाडा १,७८,३७०, तलासरी १,५४,८१८, जव्हार १,४०,१८७, विक्रमगड १,३७,६२५, मोखाडा ८३,४५३. बेरीज २९,९०,११६. येथे भाग आहेत, ते एकमेकांत मिसळत नाहीत, आणि त्यांची बेरीज खरोखरच एक पूर्ण राशी आहे. वृत्तालेखाचे मूळ विधान येथे सत्य आहे.

आणि तो आलेख एक गोष्ट चांगली सांगतोही. वसई तालुक्याचा अंश १६२ अंशांच्या जवळपास, म्हणजे अर्ध्या वर्तुळाला थोडा उणा, असा एका दृष्टिक्षेपात उमगतो. जिल्ह्याची जवळजवळ ४५ टक्के लोकसंख्या एका तालुक्यात आहे, हे सांगण्यास याहून सोपी आकृती नाही. परंतु वितरकाचा पुढचा प्रश्न लहान तालुक्यांविषयी असेल तर वृत्त मुके होते. तलासरीचा कोन १८.६ अंश, जव्हारचा १६.९ आणि विक्रमगडचा १६.६. हे तीन कोन वर्तुळात निरनिराळ्या दिशांना तोंड करून बसले असता त्यांतील मोठा कोणता हे डोळ्यांना ठरविता येत नाही. विल्यम क्लीव्हलंड व रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ साली प्रयोगांच्या आधारे दाखवून दिले की, समान मापपट्टीवरील स्थान माणूस सर्वांत अचूक वाचतो, लांबी त्याखालोखाल, आणि कोन व क्षेत्रफळ यांचे वाचन त्याहून सदोष असते.

मग स्तंभालेख घ्यावा काय? घ्यावा, पण त्यानेही सर्व साधेल असे समजू नये. वसईचा स्तंभ १५ सेंटिमीटर उंच काढला तर तलासरी व विक्रमगड यांतील १७,१९३ माणसांचा फरक जेमतेम २ मिलिमीटर उरतो, आणि जव्हार व विक्रमगड यांतील २,५६२ माणसांचा फरक रेघेच्या जाडीत हरवतो. हा फरकच महत्त्वाचा असेल तर साधा तक्ता कोणत्याही आलेखाहून श्रेष्ठ. एकच आकडे, परंतु तीन प्रश्न आणि तीन उत्तरे : वसईचे वर्चस्व दाखविण्यास वृत्त, तालुक्यांची उतरंड दाखविण्यास उतरत्या क्रमाने मांडलेले आडवे स्तंभ, आणि सारख्या आकाराच्या तालुक्यांत निवड करण्यास तक्ता. स्प्रेडशीटच्या शिफारसयादीत तक्ता नसतो, ही तिची पहिली उणीव होय.

३

आता सूत्र जेथे सरळ फसवते ते उदाहरण. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ औद्योगिक क्षेत्रांसाठी एक सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांक काढते. २०१८ च्या मूल्यमापनात देशातील १०० क्षेत्रांची गणना झाली व तीत तारापूरचा निर्देशांक ९३.६९ म्हणजे सर्वाधिक ठरला. त्याचे घटक असे : हवा ७२.००, पाणी ८९.०० आणि जमीन ५९.२५.

तीन घटक व एक एकूण आकडा समोर आले की सूत्राच्या आधाराने चालणारा विद्यार्थी वृत्तालेखाकडे किंवा विभाजित स्तंभालेखाकडे वळतो. आणि यंत्र त्याला अडवीत नाही. ते तीन आकड्यांची बेरीज २२०.२५ करते आणि 'हवा ३३ टक्के, पाणी ४० टक्के, जमीन २७ टक्के' असे वर्तुळ काढून देते. आकृती देखणी असते, आकडेमोडीत चूक नसते, आणि तिचा अर्थ शून्य असतो. २२०.२५ ही संख्या कोणत्याही वस्तूचे मोजमाप नाही.

हा निर्देशांक बेरजेने बनत नाही. तीन घटकांतील सर्वांत मोठा घटक मूळ धरला जातो. १०० पर्यंत उरलेल्या अंतराला अन्य दोन घटकांच्या शतांशांनी गुणून येणारी भर त्यात घातली जाते. तारापूरच्या बाबतीत पाण्याचे ८९ मूळ, उरलेले अंतर ११. ११ ला ०.७२ ने व ०.५९२५ ने गुणिले असता ४.६९ येतात, म्हणून ९३.६९. या रचनेमागील विचार समजण्यासारखा आहे : पाणी अत्यंत दूषित असेल तर जमीन त्या मानाने बरी आहे या कारणाने क्षेत्राला सवलत मिळू नये. सरासरी काढली असती तर ती सवलत मिळाली असती.

या रचनेचा परिणाम घटकांच्या 'वाट्या'च्या कल्पनेवर काय होतो, हे पाहण्यासारखे आहे. जमिनीचा घटक निम्म्यावर आणला, असे क्षणभर धरावे, निर्देशांक ९१.३५ होतो, म्हणजे सव्वादोन-अडीच अंकांनीच उतरतो. त्याऐवजी पाण्याचा घटक निम्मा केला, तर हवेचे ७२ मूळ ठरतात व निर्देशांक ७९.३८ वर येतो. घट चौदा अंकांहून अधिक. वर्तुळात मात्र पाण्याचा तुकडा जमिनीच्या तुकड्याच्या दीडपट दिसतो, एवढेच. ज्याला सुधारणेसाठी निधी कोठे खर्चावा हे ठरवावयाचे आहे, त्याला ही आकृती प्रत्यक्ष परिणामाहून फारच सौम्य अंतर दाखविते. आणि हा सौम्यपणा एका दिशेने झुकतो : पाण्याचा प्रश्न तीनांतील एक होऊन बसतो.

योग्य आकृती काढणे कठीण नाही. हवा, पाणी व जमीन यांचे तीन स्वतंत्र स्तंभ ० ते १०० च्या एकाच मापपट्टीवर उभे करावेत. एकूण निर्देशांक त्यांच्यापासून थोडा दूर, वेगळ्या चिन्हाने दाखवावा. आणि अतिगंभीर प्रदूषणाची ७० ची रेषा त्या एकूण निर्देशांकापाशीच ओढावी. अशी आकृती यंत्र आपण होऊन सुचवीत नाही. ती काढण्यासाठी निर्देशांक कसा बनतो हे आधी वाचावे लागते.

४

रेषालेखाची भुरळ सर्वांत मोठी, कारण रेषेला गती असते व गतीला कथा चिकटते. तारापूर अणुविद्युत केंद्राची क्षमता हे या संदर्भात चांगले उदाहरण होय. पहिले दोन संच ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर चालू झाले. चौथा संच सप्टेंबर २००५ मध्ये आणि तिसरा ऑगस्ट २००६ मध्ये आला. आरंभी प्रत्येकी २१० मेगावॅटचे असलेले पहिले दोन संच पुढे प्रत्येकी १६० मेगावॅटचे मानण्यात आले. नवे दोन प्रत्येकी ५४० मेगावॅटचे. एकूण १४००.

हे आकडे संचक्रमाने स्प्रेडशीटमध्ये भरले तर २००६ ची ओळ २००५ च्या आधी येते, कारण चौथा संच तिसऱ्याच्या आधी सुरू झाला. आणि रेषालेख ओळींचा क्रम जसाच्या तसा उचलतो. क्रम सुधारला तरी दुसरा दोष राहतो. वर्षे नुसत्या संख्या म्हणून लिहिली असतील तर यंत्र त्यांना तारखा न मानता नावे मानते, आणि १९६९ ते २००५ हे ३६ वर्षांचे अंतर व २००५ ते २००६ हे एका वर्षाचे अंतर क्ष-अक्षावर सारखेच मांडते. तीन तपांची स्तब्धता अशी नाहीशी होते व केंद्राची वाढ समगतीने झाली असे भासते. कधीकधी तर वर्षांचा रकानाच एक राशी समजून यंत्र त्याचीही रेषा काढते. ती हास्यास्पद दिसते म्हणून निदान लगेच पकडली तरी जाते.

क्ष-अक्ष खऱ्या कालमानाने आखला तरीही प्रश्न संपत नाही. आजच्या क्षमतेच्या हिशेबाने १९६९ चे ३२० आणि २००५ चे ८६० हे बिंदू सरळ रेषेने जोडले, तर ती रेषा १९८७ साली ५९० मेगावॅट दाखविते. एवढी क्षमता तारापूर येथे कधीच नव्हती. क्षमता पायऱ्यांनी वाढते. नवा संच येईपर्यंत ती सपाट असते. म्हणून येथे पायरीच्या आकाराची रेषा हवी. प्रत्येक बदलाच्या तारखेला जुनी व नवी अशा दोन्ही क्षमता लिहून, विखुरलेल्या बिंदूंचा आलेख निवडून ते बिंदू सरळ रेघांनी जोडले की ती पायरी उमटते. आणि २१० चे १६० झाले ही उतरती पायरीही दाखविणे आवश्यक आहे. नाहीतर आजचा आकडा भूतकाळावर लादला जातो.

रेषेचा दुसरा धोका व्याख्या बदलल्यामुळे निर्माण होतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत अविभक्त ठाण्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती; पालघरचे आठ तालुके वजा केले की ८०,७०,०३२ उरते. जिल्हावार आकड्यांची सलग रेषा काढणाऱ्याला ठाणे एकाएकी २७ टक्क्यांनी घटलेले दिसेल. वस्तुतः एक कुटुंबही हलले नाही, सीमा हलली. उद्योगांची संख्या, बँकांतील ठेवी, विजेचा खप अशा प्रत्येक जिल्हावार मालिकेत हीच खाच पडते. अशा ठिकाणी रेषा तोडली पाहिजे व तुटलेल्या जागी कारण लिहिले पाहिजे.

प्रदूषणाच्या निर्देशांकालाही हेच लागू पडते. तारापूरचा २००९ चा निर्देशांक ७२.०१ होता व २०१८ चा ९३.६९. हे दोन बिंदू जोडणारी चढती रेषा वृत्तपत्रीय मथळ्यास सोयीची आहे. परंतु निर्देशांक काढण्याची पद्धत २०१६ साली सुधारण्यात आली. चढाचा किती भाग प्रदूषणाचा व किती मापनपद्धतीतील बदलाचा, हे त्या रेषेतून समजत नाही. यावरून तारापूरची स्थिती गंभीर नाही असा निष्कर्ष काढणे अर्थातच चुकीचे ठरेल. दोन्ही पद्धतींनी ते क्षेत्र ७० च्या वरच आहे. न्याय्य विधान एवढेच : दोन्ही वेळी अतिगंभीर. हे विधान दोन सुट्या बिंदूंनी व एका आडव्या रेषेने पुरेसे सांगता येते.

५

वरील उदाहरणांत आकृतीचा दोष वाचकाच्या समजुतीपुरता होता. सरासरीच्या आलेखात तो इतरांच्या उपजीविकेपर्यंत पोहोचतो. तारापूर औद्योगिक क्षेत्रातील सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून नवापूरच्या किनाऱ्याकडे जाते. जुन्या केंद्राची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर. पुढे ५० दशलक्ष लिटरचे नवे केंद्र उभारण्यात आले. किनाऱ्यावरील मच्छीमारांची बाजू घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. या वादाचा निवाडा आलेखाने होत नाही. परंतु अशा वादात दोन्ही बाजू आलेख घेऊनच उभ्या राहतात.

केवळ गणितापुरते एक कल्पित उदाहरण घ्यावे. २५ दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्रात एका महिन्याचे २० दिवस दररोज २० दशलक्ष लिटर पाणी आले आणि १० दिवस दररोज ३२. महिन्याची एकूण आवक ७२० दशलक्ष लिटर, दैनिक सरासरी २४. मासिक स्तंभालेखात हा स्तंभ २५ च्या रेषेखाली राहील व त्याला हिरवा रंग देता येईल. प्रत्यक्षात महिन्याचे १० दिवस केंद्रावर त्याच्या शक्तीबाहेर भार पडला. आलेख खोटा आकडा देत नाही. खरा आकडा अशा ठिकाणी ठेवतो की त्यामागचे १० दिवस दिसू नयेत. मासे सरासरीत जगत नाहीत. त्या १० दिवसांतील पाण्याशी त्यांची गाठ असते.

येथे मासिक स्तंभाऐवजी आयतालेख घेतला पाहिजे. क्ष-अक्षावर आवकेचे वर्ग आणि य-अक्षावर त्या त्या वर्गात पडलेल्या दिवसांची संख्या मांडली की २० च्या आसपास एक व ३२ च्या आसपास दुसरा, असे दोन उंचवटे स्पष्ट होतात. २५ ची उभी रेषा त्यांच्यामधून जाते. किंवा ३० दिवसांचे ३० बिंदू मांडून त्यावर २५ ची आडवी रेषा ओढावी. एक्सेलच्या २०१६ च्या आवृत्तीपासून आयतालेख आयता मिळतो. त्यामुळे तो काढता येत नाही ही सबब उरलेली नाही. मात्र त्यासाठी दैनिक नोंदी ठेवलेल्या असल्या पाहिजेत, आणि त्या दाखविण्याची तयारी पाहिजे. आलेखाची निवड येथे केवळ दृश्य मांडणीची बाब राहत नाही. कोणत्या दिवसांचा हिशेब द्यावयाचा, याविषयीचा तो निर्णय ठरतो.

कारखान्याच्या दृष्टीनेही हाच आलेख हिताचा आहे, हे विसरू नये. सरासरीच्या समाधानात राहिलेल्या व्यवस्थापकाला त्या १० दिवसांचे कारण शोधण्याची प्रेरणाच मिळत नाही. ते दिवस पाळीच्या वेळापत्रकामुळे आले, की पावसाचे पाणी नाल्यांत शिरल्यामुळे, की अनेक कारखान्यांनी एकाच वेळी टाक्या रिकाम्या केल्यामुळे, हा उपयुक्त प्रश्न दैनिक बिंदूंतूनच उद्भवतो.

६

स्तंभाच्या पायथ्याचा प्रश्न आता घ्यावा. महाराष्ट्रातील शालेय गणितात विद्यार्थ्याला शिकविले जाते की, अक्षावरील आरंभीचा भाग गाळला असेल तर तेथे अक्षसंकोचाचे चिन्ह काढावे. स्प्रेडशीट हे सौजन्य पाळीत नाही. राशी एकमेकींच्या जवळ असतील तर ते पुष्कळदा अक्ष शून्याऐवजी वरच्याच अंकापासून सुरू करते, आणि तेही स्तंभालेखात. मग ९६ व ९८ यांतील फरक दुपटीचा दिसू शकतो. दहावीच्या उत्तरपत्रिकेत ज्यासाठी गुण कापले जातील, ते संचालक मंडळापुढील अहवालात खपून जाते.

म्हणून 'स्तंभ शून्यापासूनच' हा नियम सांगितला जातो व तो बहुतेक ठिकाणी योग्य आहे. परंतु तोही अंधपणे पाळण्याजोगा नाही. सांडपाण्याचा सामू घ्यावा. सामू ७ म्हणजे उदासीन. ६ म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण दसपट. येथे शून्य हा 'काहीच नाही' असा आरंभ नव्हे, तर तीव्र आम्लता होय. सामूचे स्तंभ शून्यापासून उभे केले तर सर्वाधिक आम्लधर्मी पाणी सर्वांत बुटक्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या स्तंभाने दाखविले जाईल, आणि ७ व ६ यांतील दसपटीचा फरक सातव्या हिश्श्याएवढा भासेल. येथे स्तंभच नकोत. अनुज्ञेय मर्यादांचा पट्टा आखून त्यावर बिंदू मांडावेत. नियम चुकला नाही. जेथे उंचीला अर्थ नाही तेथे उंचीची आकृती वापरणे चुकले.

दोन य-अक्षांच्या आलेखाचेही असेच आहे. डाव्या अक्षावर उत्पादन, उजव्या अक्षावर सांडपाणी, व दोन रेषा एकमेकींना छेदताना दाखविल्या की 'उत्पादन वाढले, सांडपाणी घटले' असे नाट्य उभे राहते. परंतु छेदबिंदू कोठे पडावा हे दोन मापपट्ट्यांच्या निवडीवर अवलंबून असते, आकड्यांवर नव्हे. दोन राशींचा संबंध हाच प्रश्न असेल तर प्रत्येक दिवसाचा एक बिंदू, आडव्या अक्षावर उत्पादन व उभ्या अक्षावर सांडपाणी, असा विखुरलेल्या बिंदूंचा आलेख घ्यावा. संबंध असेल तर तो बिंदूंच्या रांगेत दिसेल, नसेल तर बिंदू विस्कळीत पडतील. आणि एखादा दिवस रांग सोडून उभा असेल तर त्या दिवसाची चौकशी करता येईल.

७

या सर्वांवर एक आक्षेप येतो व तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. व्यवहारात वेळ नसतो. व्यवस्थापकाला पाच मिनिटांत चित्र हवे असते. सरासरी व वृत्तालेख सर्वांना समजतात, आयतालेख व पायरीची रेषा समजावून सांगाव्या लागतात. जे समजत नाही ते शुद्ध असूनही काय उपयोगाचे? या आक्षेपात तथ्य एवढेच की, आलेख वाचकासाठी असतो व अनोळखी आकृतीला दोन ओळींची सोबत द्यावी लागते. परंतु 'सर्वांना समजतो' याचा अर्थ येथे 'सर्वांना ओळखीचा वाटतो' एवढाच आहे. तारापूरच्या निर्देशांकाचा वृत्तालेख ओळखीचा वाटेल. त्यातून कोणालाही काही खरे समजणार नाही. ओळखीच्या आकृतीत शिरलेली चूक तर अधिक काळ टिकते, कारण तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही.

दुसरा आक्षेप यंत्राची बाजू घेतो : शिफारसी सुधारतील, आणि उद्या यंत्रच आयतालेख सुचवील. तसे होईलही. परंतु निर्देशांकाचे घटक बेरजेस पात्र नाहीत, जिल्ह्याची सीमा २०१४ साली बदलली, मोजमापाची पद्धत २०१६ साली सुधारली, ही माहिती रकान्यांतील आकड्यांत नसते. ती आकड्यांच्या उगमात असते. उगम न पाहता केलेली शिफारस, मग ती यंत्राची असो वा मार्गदर्शकाची, आकड्यांच्या बाह्य रूपावरच आधारलेली राहील.

वाणिज्य, अर्थशास्त्र वा पर्यावरण या विषयांतील प्रबंधांत आलेखाची तपासणी सामान्यतः नीटनेटकेपणापुरती होते : अक्षांना नावे आहेत काय, रंग वाचता येतात काय. त्यापलीकडील तपासणी अशी असावी. प्रत्येक आलेखाखाली तो जे विधान करतो ते एका पूर्ण वाक्यात लिहावे. 'तारापूर : प्रदूषणाचे घटक' असे नाव पुरेसे नाही, 'पाण्याचा घटक हवा व जमीन यांहून वर आहे' असे वाक्य हवे. ते वाक्य आकड्यांच्या व्याख्येशी ताडून पाहावे. मूळ तक्ता परिशिष्टात द्यावा, आणि सरासरी दाखविली असल्यास ती कोणत्या नोंदींची हेही सांगावे. एवढे केले असता पुष्कळ आलेख गळून पडतील, काहींचे तक्ते होतील, आणि उरलेल्यांची आकृती बदलेल. सांडपाण्याच्या मासिक स्तंभाच्या जागी ३० बिंदू आले, तर नवापूरचा मच्छीमार आणि तारापूरचा कारखानदार यांना निदान एकाच कागदावरील त्याच १० दिवसांविषयी बोलता येईल.